सत्काराचा नारळ

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मालवण तालुका नव्हता, हे नक्की. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून जगभर हा दिवस पाळायला लागले. आमच्याकडे तेव्हा पाऊस नुकता सरत आलेला असतो, हळवं भात कापणीला आलेलं असतं आणि दुपारी अंगातली गंजी पिळून घ्यावी इतका घाम येतो. अशा दिवशी ऐंशी ओलांडलेल्या माणसाला पत्र्याच्या सभागृहात बसवायचं आणि खांद्यावर लोकरीची शाल घालायची. टाळ्या पडतात. आजोबा घाम पुसायला पंचा चाचपडतात, तेवढ्यात फोटोवाला ओरडतो, "आजोबा, इकडे बघा!"

या शालींचं पुढे काय होतं, हा माझा आवडता विषय आहे. किनाऱ्यावर थंडी ती किती, पौषातल्या चार पहाटा. त्या गोधडीत निभतात. मग एक शाल भजनाच्या पेटीवर जाते, एक मुंबईहून आलेल्या जावयाच्या अंथरुणावर आणि उरलेल्या डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत. ट्रंकेतली शाल कधीकधी दुसऱ्याच्या सत्काराला निघते. त्यात गैर काय? शाल फिरती असली की गावाचा खर्च वाचतो.

नारळाची गोष्ट त्याहून मजेची. आमच्या वाडीतल्या आबांचा गेल्या वर्षी सत्कार झाला. हार, शाल झाल्यावर त्यांच्या हातात नारळ ठेवला. आबांनी तो कानाशी नेऊन हलवला, उलटसुलट करून बघितला आणि माईकवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, "रे, ह्यो माझ्याच भाटातलो मां?" होता खरा. सकाळी मंडळाची पोरंच त्यांच्या पडवीतून घेऊन गेली होती, आणि पैसे अजून द्यायचे होते.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "आबानू, दोन शब्द बोला." आबा बोलायला लागले ते थेट वाहाळावर, म्हणजे ओढ्यावर. "यंदा बांध वायच वर घालूक होयो. खालची माती पावसान धुवान गेली हा..." सूत्रसंचालकाने वेळेअभावी आभार मानले. आबांच्या कार्याचा गौरव करणारी भाषणं त्याआधी तासभर चालली होती. त्यांत 'जलसंवर्धनातील मोलाचे योगदान' दोनतीनदा येऊन गेलं होतं.

माझं भांडण शालीशी नाही, त्या खुर्चीशी आहे. सत्काराच्या खुर्चीत बसवलं की तुमचं काम आता झालं, असं न बोलता सांगितलं जातं. याच कोकणपट्टीतले धोंडो केशव कर्वे घ्या. दापोलीजवळच्या मुरुडहून चालत, घाट चढून ते परीक्षेला साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसू दिलं नाही. देशाने भारतरत्न दिलं ते १९५८ साली, शंभरीत. त्याच वर्षी त्यांच्या हयातीतच टपाल तिकीटही निघालं. पण मधला हिशेब बघा. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढलं १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीत. समता संघ काढला १९४४ साली. सत्तरीतच कुणी त्यांना 'आता आराम करा, अण्णा' म्हणून गप्प बसवलं असतं तर?

सरकारी मानातला मला आवडणारा एकच, एसटीचा. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना लालपरी फुकट आहे. भाषण नाही, हार नाही. आबा त्याच जोरावर कणकवलीच्या बाजाराला जातात आणि कोयत्याला धार लावून आणतात. म्हणजे काम आलंच.

बांधाचं पुढे असं झालं की मंडळाच्या पोरांनी नोव्हेंबरात जुन्याच जागी बांध घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरल्या, एकावर एक रचल्या, दिसायला झकास. दोन दिवसांनी बघतात तर पाणी गोण्यांच्या खालून पसार आणि पाट कोरडा. आबांना आणलं. ते लुंगी वर खोचून वाहाळात उतरले, काठीने तळ चाचपत वर वर गेले आणि एका कातळाशी थांबून म्हणाले, "हंयसर." तिथे तळाला माती नाही, सलग कातळ. गोण्यांच्या फटीत त्यांनी शिरडं आणि चिखल कोंबायला लावला. पोरं राबत होती, आबा शिव्या घालत होते. त्या वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पाणी पुरलं.

समुद्रालगतच्या वाडीत हे सत्कारबित्कार न करताच चालतं. रापण लागली की होडी समुद्रात जाळ्याचा मोठा वेढा घालून येते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं पुळणीवरून ओढतात. दोराच्या शेपटाला म्हातारे असतात. त्यांच्या ओढण्याने जाळं किती पुढे सरकतं ते देव जाणे, पण दोराला हात लागला की वाटा ठरलेला. आता मोठ्या जाळ्यांचे यांत्रिक बोटीवाले, ते पर्ससीनवाले, बाहेरच मासळी उचलतात, रापणीत पूर्वीसारखं काही गावत नाही. तरी वाटे पडतात. एक तात्या तर दरवेळी वाटपाशी उभे राहून भांडतात. आपल्या टोपलीत हात घालून, मासे वरखाली करून, वाटे घालणाऱ्या नातवाच्या वयाच्या पोराला सुनावतात, "गेल्या टायमाकव माका पेडवेच दिलंस! बांगडे खंय गेले रे?"

शालीचा रंग आवडला नाही म्हणून असं भांडताना मी अजून कुणाला बघितलेलं नाही. पोरगा पुटपुटत दोन बांगडे टाकतो. तात्या तिसऱ्यासाठी तिथेच उभे.