चिवडा, जीएसटी आणि आमची नोटीस

परवा 22 तारखेचं रिटर्न भरलं आणि म्हटलं आता हे लिहूनच टाकावं, कारण आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या दोन-तीन जणी सारख्या विचारतायत, ताई ऑनलाइन विकायचं तर जीएसटी लागतो का गं.

मी आणि माझी जाऊ चिवडा करतो. चिवड्याच्या गावात चिवडा विकणं म्हणजे जरा आगाऊपणाच, पण बाहेरगावच्या ऑर्डरी येतात. ओळखीत, व्हॉट्सअॅपवर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच विकत होतो तोवर प्रश्न नव्हता, मालाच्या धंद्याला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. इंदूर-सुरतला माल जायला लागला की मात्र लाखभराची विक्री असली तरी नंबर घ्यावाच लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून दुसऱ्याच्या विक्रीच्या वेबसाइटवर फक्त आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्यांना सूट आहे, जीएसटीच्या पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर काढला की झालं. आम्हाला सुरत सोडवेना म्हणून आम्ही पूर्ण नोंदणीच केली, 27 ने सुरू होणारा तो पंधरा अक्षरी नंबर आला, जावेने देवापुढे ठेवला वगैरे.

आता खरा घोळ. पहिलं वर्षभर जो माणूस आमचं रिटर्न भरायचा त्याला आम्ही बँकेचं स्टेटमेंट द्यायचो आणि तो जमा झालेले पैसे म्हणजेच विक्री धरून मोकळा. आम्हालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही, आले तेवढेच पैसे ना? 2025 च्या सुरुवातीला पोर्टलवर एएसएमटी-10 नावाची नोटीस पडली, म्हणजे तुमच्या रिटर्नमधले आकडे जुळत नाहीत, खुलासा करा. आम्ही रोज थोडीच पोर्टल उघडतो, आणि ईमेल दिला होता भाच्याचा, तो पुण्यात. उत्तराला मिळतात 30 दिवस, त्यातले अर्धे असेच गेले.

कॅनडा कॉर्नरला एका सीए मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, ताई, तुमच्या हातात किती आले ते नाही, गिऱ्हाइकाने किती दिले ते दाखवायचं. मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं, ते आत्ताच्या 5 टक्क्यांनी सांगते (22 सप्टेंबर 2025 च्या आधी पॅकबंद नमकीनला 12 होते). गिऱ्हाइकाने दिले 500, त्यात माल 476.19 आणि टॅक्स 23.81. वेबसाइटने कमिशन-कुरियर मिळून समजा 100 कापले, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 118. वर मालाच्या किमतीवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे वेबसाइट कापून आपल्या नावावर सरकारकडे भरते तो टॅक्स, 2.38. बँकेत आले 379.62. आम्ही विक्री दाखवत होतो ही 379 ची, आणि वेबसाइट तिच्या रिटर्नमध्ये सरकारला कळवत होती पुरा आकडा. दोन्ही आकडे एकाच पोर्टलवर, जुळणार कसे!

रडू आलं ते पुढचं ऐकून. कमिशनवरचे ते 18 रुपये आपलं क्रेडिट (आपण आधीच भरलेला टॅक्स) असतं, 23.81 मधून वजा होतात, राहिले 5.81. टीसीएस पोर्टलवर जाऊन अॅक्सेप्ट केला की तोही कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खात्यात, येतो, म्हणजे भरायचे फक्त 3.43. आम्ही ते क्रेडिट घेतलंच नव्हतं, आणि मागच्या वर्षाचं क्रेडिट 30 नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, ती तारीख उलटून गेलेली. फरकाचा टॅक्स भरला, वर 18 टक्क्यांनी व्याज. दिवाळीची कमाई त्यात गेली.

परत आलेल्या पार्सलांचं वेगळंच. ऑनलाइनवाले त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, आम्हाला आरटीओ म्हणजे पेठ रोडचं एवढंच माहिती. त्याची क्रेडिट नोट (विक्री रद्द झाल्याचा कागद) दाखवायची राहिली तर न विकलेल्या चिवड्यावर टॅक्स भरता तुम्ही, आणि चिवडाही मऊ पडलेला.

आता आम्ही तिमाही योजनेत आहोत. दर महिन्याला वेबसाइटचा सेल्स रिपोर्ट उतरवून घेते, स्टेटमेंट नाही. तिमाही संपली की 13 ला विक्रीचा तपशील, 22 ला टॅक्स, आणि मधल्या दोन महिन्यांत टॅक्स निघत असेल तर 25 ला चलन. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच, नाहीतर दिवसाला 20 रुपये दंड. ईमेल आणि मोबाइल बदलून माझा टाकलाय, भाचा सुटला बिचारा.

ज्या फक्त पापड विकतात त्यांचं बरंय, पापडाला टॅक्सच नाही. जाऊ म्हणते, आपणही पापडच लाटूया.