बारा वाजून गेल्यावरही घटणारी सावली

राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे 28 फेब्रुवारीला, वडोदऱ्यात एका मोकळ्या मैदानावर भरलेल्या विज्ञान मेळ्याला मी आमच्या शाळेतील सातवीच्या मुलामुलींना घेऊन गेले होते. कमाटीबागेतले तारांगण त्यांनी आधी पाहिले होते. पण तिथे अंधारात बसून दाखवतील ते पाहायचे असते, इथे मात्र उन्हात उभे राहून सगळे स्वतः करायचे होते.

पाण्याच्या रॉकेटपाशी अपेक्षेप्रमाणे झुंबड होती. आमची काही मुले मात्र मैदानाच्या कडेला, ओळंबा लावून रोवलेल्या एक मीटर उंचीच्या काठीपाशी रमली. तिथल्या स्वयंसेवक ताईंनी त्यांना एवढेच काम दिले होते की ठरावीक वेळाने सावलीच्या टोकावर खूण करायची आणि लांबी लिहायची. साडेअकरा वाजता सावली 73 सेंटिमीटर भरली. काठीच्या बुंध्याला सुतळी बांधून तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ खडूने आखून घेतले गेले.

बारा वाजता सावली 64 सेंटिमीटर होती. ‘‘बाई, आता वाढायला लागेल,’’ असे एका मुलाने खात्रीने सांगितले. दहा मिनिटांनी ती 62 भरली. मग घड्याळ चुकीचे असल्याचा आरोप झाला, माझा आणि ताईंचा मोबाईल तपासून झाला, पट्टी बदलून झाली. सावली घटतच राहिली. उत्तर माझ्या ओठांवर होते, पण मी ते सांगितले नाही. वर्गात पस्तीस मिनिटांचा तास संपत आलेला असतो, म्हणून उत्तर सांगून मोकळे व्हावे लागते. इथे तशी घाई नव्हती, आणि मुलांना असा निवांत वेळ मिळणे मला कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाचे वाटते.

साडेबारानंतर वेगळीच अडचण उभी राहिली. लांबी इतकी थोडी बदलत होती की खूण नेमकी कुठे करायची यावरून वाद होऊ लागले. एक मुलगी गुडघ्यांवर बसून, नाक जमिनीला लागेल इतकी वाकून पाहत होती. ‘‘बाई, टोक पुसट आहे, इथे काळे, इथे राखाडी, आणि मग काहीच नाही,’’ असे ती म्हणाली. तिचे निरीक्षण अचूक होते. सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे एवढ्या उंचीच्या काठीच्या सावलीचे टोक सुमारे सेंटिमीटरभर विरळ होत जाते. राखाडी पट्ट्याच्या मध्यावर खूण करायची, असे मुलांनी आपसांत ठरवले.

ठेपले आणि बटाट्याची भाजी मुलांनी आळीपाळीने, काठी न सोडता खाल्ली. एक वाजल्यानंतर सावली वाढत असल्याचे स्पष्ट झाले, आणि दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तिचे टोक पुन्हा खडूच्या वर्तुळाला टेकले. दिशा ठरवण्यासाठी आपल्याकडे शंकू, म्हणजे अशी उभी रोवलेली काठी, आणि वर्तुळाची हीच रीत पूर्वापार वापरली जाते. त्याच मुलीने साडेअकरा आणि दोन-दहा यांचा मध्य काढला : 12 वाजून 50 मिनिटे. टोक पुसट असल्यामुळे सर्वांत लहान सावलीची जी वेळ थेट पकडता येत नव्हती, ती अशी हाती आली.

कारण मी त्यानंतरच समजावले. आपली घड्याळे 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतात. वडोदरा सुमारे 73.2 अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे 37 मिनिटे तिथेच गेली. उरलेली तेरा मिनिटे पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे येतात. ती वर्षभर सारखी नसतात. हा दुसरा भाग सातवीला जड जातो, पण त्या दिवशी मुलांनी तो मागून घेतला.

आता शाळेच्या गच्चीवर तशीच काठी बसवली आहे. वडोदरा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मध्यान्ही काठीची सावली नाहीशी होईल. जुलैत ढगांचा भरवसा नाही आणि जूनच्या सुरुवातीला सुट्टी असते. तरीही शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी सुट्टीत गच्चीची किल्ली मिळेल का असे विचारले, आणि मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे.