तांदूळ मोजणारी आहारमंत्री

आज आमच्या जिल्हा परिषद शाळेतील नव्या बालमंत्रिमंडळाच्या कामाचा पहिला दिवस होता. गेल्या आठवड्यात मुलांनी चिठ्ठ्या टाकून मतदान केले होते आणि त्यातून आहारमंत्री म्हणून निवडून आलेली चौथीतली मुलगी परिपाठ संपताच हजेरीचा आकडा घेऊन स्वयंपाकघरापाशी उभी राहिली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शालेय पोषण आहारात दररोज प्रत्येकी १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे; ३८ मुले हजर, म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ, हा हिशेब तिने फळ्यावर मांडला आणि मावशींसोबत काट्यावर पडताळूनही पाहिला.

जेवणाच्या वेळी मात्र तिची खरी परीक्षा झाली. दुसरीत शिकणारा तिचा धाकटा भाऊ रांग सोडून पुढे येऊन उभा राहिला. मी जवळच होते, पण मुद्दामच काही बोलले नाही. ती क्षणभर घुटमळली, मग हात धरून तिने त्याला त्याच्या जागी नेले आणि सर्वांचे वाढून झाल्यावरच स्वतःचे ताट घेतले.

“बाई, तो रडला. माझं चुकलं का?” असे तिने नंतर विचारले. आपण शिक्षक अशा वेळी उत्तर देण्याची फार घाई करतो, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी तिलाच विचारले, “तो पुढेच राहिला असता, तर मागच्या मुलांना काय वाटलं असतं?”

ती बराच वेळ गप्प होती. शाळा सुटल्यावर भावाचे दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन, त्याला काहीतरी समजावत ती घराकडे निघाली.