देवास नाक्यावरची पंधरा मिनिटं

इंदूरच्या देवास नाक्यावर एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आमचं बिल्टीचं, म्हणजे ट्रकमधून जाणाऱ्या मालाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर चालतं. बुकिंगच्या पाच खिडक्या, आतल्या खोलीत एक लिनक्स सर्वर आणि डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. बिल्टी छापून ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे दुपारी सर्वर अडकला की फाटकापर्यंत ट्रक उभे राहतात आणि मुनीमजींचा फोन येतो, "मॅडम, फिर अटक गया."

बरेच दिवस हे असंच चाललं होतं, आणि उपाय एकच, सर्वर रीस्टार्ट करायचा. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. मग कारण कोण शोधणार? कुणी म्हणालं रॅम कमी पडते, म्हणून रॅम वाढवून झाली. कुणी इंटरनेटला दोष दिला, पण अडकलेल्या अवस्थेतही मुंबईला पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी छोटी हाक) व्यवस्थित जात होता. लॉगमध्ये शेवटची ओळ ‘बिल्टी जतन होत आहे’ आणि पुढे काहीच नाही. एररसुद्धा नाही.

त्या दिवशी मी दुसऱ्या एका कामासाठी तिथेच होते. जेवणाची सुट्टी संपली, खिडक्या उघडल्या आणि पहिलीच बिल्टी अडली. मग दुसरी, मग पाचही. मुनीमजी आतल्या खोलीत येऊन रीस्टार्टच्या आयकॉनवर जाणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. आमच्या ऑफिसातले वरिष्ठ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "अगं, रीस्टार्ट मारू नको. आत्ता तो प्रोसेस जे सांगेल ते पुन्हा कुणीही सांगणार नाही." मी मुनीमजींकडे दहा मिनिटं मागितली. बाहेर हॉर्न वाजत असताना त्यांनी ती दिली, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो.

आधी टॉप, म्हणजे सीपीयू आणि मेमरी कोण किती वापरतंय ते दाखवणारी कमांड, लावून पाहिलं. सीपीयू जवळजवळ रिकामा, मेमरी भरपूर शिल्लक. इथेच अर्धे संशय गळून पडतात. प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यात सापडला असता तर एखादा सीपीयू पूर्ण व्यापलेला दिसला असता, मेमरी कमी पडून गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) धावत असता तरीही तसंच. प्रोसेस, म्हणजे आमचा चालू प्रोग्राम, कामात नव्हता, कशाची तरी वाट बघत होता. आता प्रश्न एवढाच की कशाची.

सॉफ्टवेअर जावा ८ वर होतं, म्हणून जेस्टॅक चालवला. प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारा कामाचा एकेक धागा, कुठल्या ओळीवर आहे ते तो लिहून देतो; त्या यादीला थ्रेड डंप म्हणतात. प्रोसेस ज्या युजरखाली चालतो त्याच युजरने जेस्टॅक चालवावा लागतो, नाहीतर जोडलाच जात नाही. जेस्टॅक काहीच उत्तर देत नसेल तर किल कमांडने ३ नंबरचा सिग्नल पाठवायचा. नाव किल असलं तरी त्याने जावाचा प्रोसेस मरत नाही, तो आपल्या सगळ्या थ्रेडची हकिगत आउटपुटमध्ये ओततो आणि काम पुढे चालू ठेवतो. ९ नंबरचा सिग्नल मात्र प्रोसेस मारतो आणि सगळा पुरावा घेऊन जातो.

एकदा घेतलेला थ्रेड डंप म्हणजे धावत्या माणसाचा एक फोटो. तो उभा आहे की धावतोय, हे एका फोटोवरून कळत नाही. म्हणून दहा-दहा सेकंदांनी तीन घेतले. तिन्हींत पाच थ्रेड अगदी त्याच ओळीवर होते: डेटाबेसच्या ड्रायव्हरमधून (जावाला डेटाबेसशी जोडणारा कोड) खाली उतरत शेवटी सॉकेटरीड०, म्हणजे नेटवर्कवरून उत्तर वाचण्याची जागा. पण अवस्था लिहिलेली होती ‘रनेबल’, म्हणजे चालू. नवखी माणसं हमखास इथे फसतात. थ्रेड नेटिव्ह, म्हणजे जावाबाहेरच्या, कोडमध्ये शिरला की पुढे कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, तो झोपलाय का जागा आहे, हे जावाला दिसत नाही. जावा त्याला चालूच समजतो. म्हणून खरी अवस्था एक पायरी खाली जाऊन, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावी लागते.

डंपमध्ये प्रत्येक थ्रेडपुढे एनआयडी म्हणून एक हेक्झाडेसिमल आकडा असतो. तो दशमानात आणला की लिनक्सचा थ्रेड नंबर मिळतो. त्या नंबरावर एसट्रेस लावला. एसट्रेस चालत्या प्रोसेसचे सिस्टिम कॉल, म्हणजे त्याने कर्नलकडे केलेल्या मागण्या, दाखवतो, पण प्रत्येक कॉलवर त्याला थांबवून, त्यामुळे गर्दीच्या सर्वरवर तो बेताने, थोडाच वेळ लावायचा. जीडीबी हे दोष शोधायचं दुसरं साधन तर जोडताक्षणी अख्खा प्रोसेस गोठवतो. इथे सगळं आधीच थांबलेलं होतं, त्यामुळे धोका नव्हता. एसट्रेसमध्ये एकच अपुरी ओळ आली: ४७ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर (प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा किंवा जोडणीचा क्रमांक) रिसीव्हफ्रॉम, म्हणजे डेटा घेण्याची मागणी, आणि उत्तराच्या जागी काहीच नाही.

दादांनी उमेदीची वर्षं सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर काढली आहेत. तिच्यातल्या डीट्रेस या तपासाच्या साधनाबद्दल ते अजूनही भरभरून बोलतात. सन कंपनीत ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांनी तो बनवला, २००५ साली सोलारिस १० बरोबर तो सगळ्यांच्या हातात आला. चालू सर्वरला न थांबवता, जेवढं विचारायचं तेवढंच विचारायचं, ही त्यामागची भूमिका. आज लिनक्सवर ईबीपीएफ आणि बीपीएफट्रेस या साधनांमुळे तसं करता येतं. मला वाटतं, ही साधनं शिकवण्यापेक्षा ही भूमिका आधी शिकवायला हवी.

तर ४७ नंबर. लिनक्स चालू प्रोसेसची माहिती दाखवतो त्या प्रॉक डिरेक्टरीत, त्या प्रोसेसच्या एफडीमध्ये, ४७ म्हणजे एक सॉकेट, नेटवर्कवरच्या जोडणीचं एक टोक. जोडण्यांची यादी देणारा एसएस, टाइमर दाखवायला सांगून, चालवला आणि सगळं समोर आलं. जोडणी मुंबईच्या डेटाबेसच्या ५४३२ पोर्टशी, अवस्था ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे जुळलेली. पण पाठवायच्या रांगेत काही बाइट पडून होते, त्यांची पोच आलेली नव्हती. शेजारी पुनःप्रेषणाचा टाइमर चालू आणि तोवर झालेल्या प्रयत्नांचा आकडा. म्हणजे आमची क्वेरी या मशीनवरून निघत होती, पुन्हा पुन्हा निघत होती, आणि पलीकडून कुणीच हूं की चूं करत नव्हतं.

दादांनी तिकडे डेटाबेसमध्ये चालू सेशनची यादी उघडली. आमच्या पोर्ट नंबरचं सेशन तिथे जिवंत होतं, ‘आयडल’, म्हणजे रिकाम्या, अवस्थेत, शेवटची हालचाल जेवणाच्या सुट्टीच्या आधीची. एका कामाने दुसऱ्याला अडवून धरणारं लॉक कुठेही नाही. क्वेरी तिथवर पोहोचलीच नव्हती. दोन्ही टोकांना जोडणी शाबूत वाटत होती आणि मधल्या वाटेवर ती मेलेली होती.

मधल्या वाटेवर होता नवा फायरवॉल, नेटवर्कवरची ये-जा तपासणारा पहारेकरी. कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी तो बसवला होता आणि ३० मिनिटं शांत राहिलेली जोडणी तो आपल्या यादीतून काढून टाकत होता, दोन्हीकडे न कळवता. नंतर त्या जोडणीचं कुठलंही पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) आलं की गिळून टाकायचं. नवी जोडणी मात्र सुखाने जात होती, पिंगही जात होता, म्हणून इंटरनेटचा दोष सिद्ध होत नव्हता. पत्ते बदलणाऱ्या नॅट उपकरणांसाठी २००८ सालचा आरएफसी ५३८२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज सांगतो की जुळलेली टीसीपी जोडणी २ तास ४ मिनिटांच्या आत विसरू नये. त्या आकड्याला कारण आहे. जोडणी जिवंत आहे का हे चाचपणारा कीपअलाइव्ह, चालू केलेला असला तरी, ठरलेल्या नियमाप्रमाणे २ तासांनी पहिली चाचपणी करतो. ३० मिनिटांच्या फायरवॉलपुढे तो कधीच वेळेवर पोहोचणार नव्हता. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये तर तो मुळात बंदच असतो आणि सॉकेटच्या टाइमआउटला, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची त्याला, मर्यादा नसते. भरीला सॉफ्टवेअरमधला जोडण्यांचा पूल (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) जुन्या घडणीचा, जोडणी हाती देण्याआधी ती जिवंत आहे का हे न तपासणारा.

हे बोलणं चालू असतानाच खिडक्यांवर आरडाओरडा झाला, "आ गया, आ गया!" सर्वर आपोआप सुटला होता. मुनीमजी शांतपणे म्हणाले की ते असं कधीकधी होतं, आणि लाल वही काढून दाखवली. ज्या दिवशी आमच्यापैकी कुणी फोनवर मिळालं नव्हतं, त्या दिवसांच्या वेळा त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. २:३४ ते २:५०. २:४१ ते २:५७. आमच्या लॉगमध्ये नव्हतं ते या वहीत होतं.

कारण ती पंधरा-सोळा मिनिटं कर्नलमधूनच येतात. पोच आली नाही की लिनक्स साधारण ०.२ सेकंदाने पाकीट पुन्हा पाठवतो, मग दर वेळी अंतर दुप्पट करत जातो: ०.४, ०.८, १.६, असं करत १०२.४ सेकंदांपर्यंत. त्यापुढे अंतर १२० सेकंदांवर थांबतं. ठरलेले १५ पुनःप्रयत्न संपून तो हात टेकतो तोवर ९२४.६ सेकंद होतात, म्हणजे १५ मिनिटं २४ सेकंद. मुंबईला जाऊन येण्याचा वेळ धरला तर थोडी जास्तच. तेव्हा कुठे जावाला एरर मिळते, पूल ती जोडणी फेकून नवी उघडतो आणि बिल्टी छापली जाते. रीस्टार्टने बरं वाटायचं तेही नव्या जोडण्यांमुळेच. सर्वर रोज सकाळी नव्याने सुरू व्हायचा, म्हणून सकाळी त्रास नाही. आणि ज्या दिवशी कर्मचारी आळीपाळीने जेवायचे, त्या दिवशी दुपारीही नाही.

तरी खात्री करणं भाग होतं. ऑफिसात टेस्ट डेटाबेसच्या मशीनवर आयपीटेबल्स हा लिनक्सचा फायरवॉल लावून ५४३२ वर येणारी पाकिटं मधेच गिळायला लावली आणि घड्याळ लावून बसलो. एसएसमध्ये आकडा चढत गेला, पंधरा मिनिटं उलटली आणि थोड्याच वेळात एरर आली. दादांनी टेबलावर थाप मारली. बिघाड हवा तेव्हा घडवता आला की मगच तो समजला असं मी मानते, त्याआधी तो अंदाज असतो.

ड्रायव्हरमध्ये कीपअलाइव्ह चालू केला आणि सर्वरवर त्याची पहिली चाचपणी १० मिनिटांवर आणली. जुना पूल काढून जोडणी तपासून देणारा बसवला. सॉकेटचा टाइमआउट घातला, पण मोठा. महिनाअखेरचा हिशेबाचा रिपोर्ट बराच वेळ चालतो, आणि ३० सेकंदांची मर्यादा घातली असती तर तो दर महिन्याला मधेच तुटला असता. फायरवॉलवाल्यांनीही मुदत वाढवून दिली.

मुनीमजींच्या स्क्रीनवरचा रीस्टार्टचा आयकॉन आम्ही काढला नाही. तो दाबला की आता आधी तीन थ्रेड डंप, टॉपचं थ्रेडवार चित्र आणि टाइमरसकट सॉकेटची यादी एका फाइलमध्ये जाते, आणि मगच सर्वर बंद होऊन चालू होतो. अर्धा मिनिट जास्त लागतं. मुनीमजींनी विचारलं, एवढा वेळ का? मी ती फाइल उघडून ओळन्‌ओळ समजावली. त्यावर ते म्हणाले की फाइलच्या नावात तारीख आणि वेळही यायला हवी, वहीशी ताडून बघता येईल. ती सुधारणा त्याच संध्याकाळी केली.