आमची वाटचाल : आधी मीटर, मग पाना

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा मी मालवणात दुसऱ्याच्या गॅरेजात मोटारसायकली दुरुस्त करत होतो. खाऱ्या पाण्यात बुडालेली आऊटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, किनाऱ्यावर काढून ठेवली होती आणि हात लावायला माणसं कमी होती. गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी काढायचं, तेल सोडायचं. पहिलं मशीन धूर टाकत सुरू झालं आणि मी परत गॅरेजात गेलो नाही. घरामागच्या मांगरात धाकट्या भावाला घेऊन काम मांडलं.

पहिली काही वर्षं आम्ही मोटारसायकलवाल्यांच्या सवयीनेच काम केलं. बॅटरी चार्ज होत नाही? आरआर युनिट बदला, म्हणजे कॉइलच्या एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायर आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर यांचा डबा. त्या सवयीने आमचं नाव जवळजवळ घालवलं होतं.

देवबागच्या एका तांडेलकाकांचं ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक, सेलवर म्हणजे बॅटरीवरच्या स्टार्टरने सुरू होणारं. मशीन एकदम सुरेख चालायचं, पण बॅटरी बसायची. मी युनिट बदललं. पंधरा दिवसांत तेही गेलं. दुसरं बसवलं, तेही जळलं. मग एका संध्याकाळी खाडीच्या मुखावर सेल फिरेना आणि अंधारात दोरी ओढून त्यांना मशीन सुरू करावं लागलं. दुसऱ्या दिवशी आले, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मशीन बरा चलता, मगे बॅटरी कित्याक मरता, ता बघ मरे."

दोन्ही युनिटांचे पैसे मी परत केले. त्या आठवड्यात चांगला मल्टिमीटर घेतला आणि त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा मिळवून रात्री भावाबरोबर एकेक वायर लावून पाहिली. तेव्हा उमगलं की फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या फिरत्या जड चाकाखाली, इग्निशनची कॉइल वेगळी आणि चार्जिंगची वेगळी. म्हणून मशीन सुरेख चालतं आणि तरी बॅटरी उपाशी राहते.

दोष निघाला निगेटिव्ह केबलच्या थिंबलमध्ये, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत. वरून चकचकीत, आत तांब्याची हिरवी पूड. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल मारला, तर एक व्होल्टच्या वर फरक दिसला. निरोगी जोडाला तो दोन-तीन दशांशांच्या वर जाता कामा नये. चालू मशीनवर हा जोड क्षणभर सुटला की बॅटरी काढून टाकल्यासारखंच होतं; व्होल्टेज उसळतं आणि युनिटमधले डायोड जातात. दोन युनिटं अशीच गेली होती. खर्च आला एका केबलचा.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. रात्रभर ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी ती बाहेर चार्ज करून तपासतो, कारण मेलेली बॅटरी चांगल्या मशीनलाही बदनाम करते. मग फ्यूज, कपलर (वायरींचे जोड), अर्थिंगचा म्हणजे निगेटिव्हचा जोड. मग चालू मशीनवर मोजणी, साधारण साडेतेरा ते साडेचौदा. ही मोजणी मशीन पाण्याच्या पिंपात बुडवून करत नाही. जुन्या मशीनची कॉइल आयडलवर जेमतेम देते आणि पिंपात रेस वाढवता येत नाही, म्हणून कर्ली नदीत होडी घेऊन जातो. व्होल्टेज वाढलंच नाही तर कॉइलच्या वायरी सोडवून एसी व्होल्टेज मोजतो. तिथे वीज आहे आणि पुढे नाही, तर दोष युनिटचा. तिथेच नाही, तर पुलर लावून फ्लायव्हील काढायचा. आतली कॉइल करपून काळी पडलेली, वार्निश वितळून खाली ओघळलेलं दिसतं. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) अचानक बंद पडला असेल तर तेही आम्ही आवर्जून विचारतो. बऱ्याच मॉडेलांत त्याला सिग्नल याच कॉइलकडून मिळतो.

एक गोष्ट गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा सांगतो. काही जुन्या मशीनांत फक्त रेक्टिफायर असतो, रेग्युलेटर नसतो. भरलेल्या बॅटरीवर लांब पल्ला मारला की व्होल्टेज पंधराच्या वर जातं आणि बॅटरीतलं पाणी उकळून आटतं. अशा मशीनला पाणी घालायची साधी बॅटरीच बरी. सीलबंद महाग बॅटरी घेऊन येणाऱ्याला मी नाराज करतो, पण विकत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा पुन्हा बुडालेल्या मशीनांची रांग लागली. या वेळी भावासोबत दोन मुलगे हाताखाली होते आणि प्रत्येकाकडे स्वतःचा मीटर होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आमचा खरा हंगाम तोच. प्रत्येक थिंबल कापून नवीन क्रिम्प करायचं, वर ग्रीस, वर स्लीव्ह.

देवबागच्या काकांनी आता स्टिअरिंगजवळ लहान व्होल्टमीटर बसवून घेतलाय. कधीकधी समुद्रावरून फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, थेट आकडा: "तेरा पॉइंट नऊ दाखवता."