राजगडावरची टाकी नकाशावर टाकताना

मागच्या शनिवारी आम्ही तिघं राजगडावर गेलो, यावेळी फक्त पाण्याची टाकी नोंदवायला. पहाटे गुंजवण्यातून निघालो, चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर आणि तिथून सुवेळा माचीवर. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं, बॅटरी वाचते, फक्त नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या.

बालेकिल्ल्याच्या कड्याखाली एका टाक्यापाशी उभी होते तर फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका जागेवर राहीचना, कधी तटावर कधी दरीत, कारण सिग्नल कातळावर आपटून येतो. अशा ठिकाणी मिनिट दोन मिनिटं थांबा, ठिपक्याभोवतीचं अचूकता दाखवणारं वर्तुळ लहान झालं की मगच नोंद घ्या आणि अक्षांश-रेखांशाच्या दशांशानंतर पाच आकडे ठेवा, चारच ठेवले तर अकराएक मीटरपर्यंत फरक पडू शकतो आणि गडावर तेवढ्यात माणूस कड्यापलीकडे जातो.

घरी येऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथॉन कोडने पॉइंट बनवले, चाळीस ओळींची सीएसव्ही (नोंदींच्या तक्त्याची साधी फाइल), त्यावर एकेक ओळ वाचणारा लूप, लेयर ४३२६ मध्ये (अंशांतल्या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीचा कोड), रन केलं आणि राजगड गायब! झूम आउट करत गेले तर सगळी टाकी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. मी १८.२४६, ७३.६८२ असं, आपण बोलतो त्या क्रमाने दिलं होतं, पण पॉइंट बनवणाऱ्या क्यूजीएसपॉइंटएक्सवायला आधी एक्स म्हणजे रेखांश लागतो, मग अक्षांश. शेपली (पायथॉनची आकृत्यांची लायब्ररी) आणि जिओजेसन (नकाशाच्या डेटाचा फाइल प्रकार) यांचंही तसंच, वेबपेजवर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटला मात्र अक्षांश आधी, त्यामुळे एकीकडचा कोड दुसरीकडे चिकटवताना हे बघाच.

क्रम बदलला तरी एक टाकं अकरा किलोमीटर दक्षिणेला! मित्राने वहीत १८ अंश १४ मिनिटं ४५ सेकंद लिहिलं होतं आणि मी ते १८.१४४५ टाइप केलं. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागायचं, म्हणजे १८.२४५८ येतं.

दोन टाक्यांमधलं अंतर मीटरमध्ये हवं असेल तर लेयर ३२६४३ मध्ये बदलून घ्या, हा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीतल्या एका उभ्या पट्ट्याचा कोड आहे, राजगड त्याच पट्ट्यात येतो. नागपूरकडच्या किल्ल्यांना ३२६४४ लागेल.

आणि प्रत्येक पॉइंटला पाणी पिण्यालायक आहे का आणि कुठल्या महिन्यात पाहिलं हे दोन कॉलम जोडाच. एप्रिलमध्ये तहानलेला माणूस ठिपका बघून सुवेळाच्या टोकापर्यंत चालत जाईल आणि टाकं कोरडं निघालं तर त्याला तसाच परत यावं लागेल. संजीवनी माची राहिलीये, पुढच्या महिन्यात जातोय.