वसुधाचं कमल होत नाही, मॅडम

सहाशे शहाऐंशी रुपयांसाठी मी जवळजवळ सहा आठवडे भांडले. नवरा म्हणाला, तेवढ्याचा तर तू फोन कानाला लावून चहाच प्यायलीस. असेल. पण पैसे आमचे होते.

२०२३ च्या दिवाळीची गोष्ट. सासूबाई नागपूरला, आम्ही पुण्यात. ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून यायचं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून २६ सप्टेंबरलाच ९ नोव्हेंबरचं विमानाचं तिकीट काढलं. एका पोर्टलवरून, ४,४८६ रुपयांत. फार स्वस्तात मिळालं म्हणून मी दोन दिवस घरात मिरवत होते.

१९ ऑक्टोबरला त्यांना म्हटलं, आई, आधारचा फोटो पाठवा, प्रिंट काढून ठेवते. फोटो आला. त्यावर नाव होतं कमल.

आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मी त्यांना वसुधा म्हणूनच ओळखत होते. पत्रिकेत वसुधा, सोसायटीच्या पाटीवर वसुधा, नातेवाइकांत वसुधाकाकू. ते सासरचं नाव. पण त्या शाळेत शिक्षिका होत्या, नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे सर्व्हिस बुकात, पेन्शनला, पॅनवर, आधारवर सगळीकडे माहेरचं कमलच राहिलेलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "हो, माहितीये की." माहितीये की! तिकीट काढताना शेजारी बसून सामना बघत होता.

विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी ताडून बघतो. वसुधाच्या तिकिटावर कमलला आत सोडणार नाही, हे उघड होतं. म्हणून एअरलाइनला फोन. पंचवीस मिनिटं ते संगीत. मग एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, स्पेलिंगची तीन अक्षरांपर्यंतची चूक दुरुस्त होते. पूर्ण नाव बदलत नाही. वसुधाचं कमल होत नाही, मॅडम."

फोन ठेवल्यावर मी बोटांवर मोजलं. व-सु-धा, तीन. क-म-ल, तीन. मराठीत बघितलं तर नियमात चोख बसत होतं.

(स्पेलिंगची चूक असेल तर बुकिंगपासून २४ तासांच्या आत कळवा, तिकीट थेट एअरलाइनच्या वेबसाइटवरून काढलेलं असेल तर फुकट होते. म्हणजे तिकीट काढल्या काढल्या आधार समोर धरून एकेक अक्षर वाचायचं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, त्याचाही घोळ होतो. ओळखपत्रावर आहे तसंच लिहा.)

दुसऱ्या दिवशी तिकीट रद्द केलं आणि नवीन काढलं. दिवाळीच्या तोंडावर तेच विमान ९,७४० ला. कोविडच्या काळात सरकारने भाड्याला खालची-वरची मर्यादा घातली होती, ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. त्यामुळे तेव्हा सणासुदीला भाडं किती वाढवायचं ते कंपनीच ठरवत होती. ते दुखणं मी गिळलं, चूक माझी होती.

पण रद्द केलेल्या तिकिटापुढे पोर्टलने दाखवलं: परतावा शून्य.

शून्य कसा? तिकिटाची फोड माझ्याकडे होती. मूळ भाडं आणि इंधन अधिभार ३,४५०. पोर्टलची कन्व्हिनियन्स फी ३५०. उरलेले ६८६ म्हणजे सुरक्षा शुल्क, यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) आणि जीएसटी. भाडं नॉन-रिफंडेबल, मान्य. कन्व्हिनियन्स फी परत येत नाही, तेही मान्य, जरी त्यात माझी कुठली सोय झाली ते कळलं नाही. पण जी बाई विमानतळावर पाऊलच ठेवणार नाही, तिचं विमानतळ वापरल्याचं शुल्क कशाचं ठेवून घेता?

पोर्टल म्हणालं, "एअरलाइनने आम्हाला शून्यच पाठवलाय." एअरलाइन म्हणाली, "तुमचं बुकिंग एजंटकडून आहे, एजंटशी बोला." पुन्हा पोर्टल, पुन्हा एअरलाइन. प्रत्येक वेळी पीएनआर नव्याने सांगायचा, डी फॉर दिल्ली, के फॉर कोल्हापूर. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि तेच वाक्य, "मॅडम, फेअर नॉन-रिफंडेबल आहे." अहो, मी फेअर मागतच नाहीये, टॅक्स मागतेय! की पलीकडून तीन सेकंद शांतता आणि, "होल्ड करते, मॅडम." मग तेच संगीत. एकदा तर भाजीला फोडणी देऊन, वाफ काढून, गॅस बंद करेपर्यंत होल्डवर होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी फोनच्या तारखा लिहायला लागले, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो त्याच्याच शेजारी. ऑक्टोबरच्या पानावर पाच झाल्या. हे लिहून ठेवलेलं पुढे फार उपयोगी पडलं, तक्रारीत तारखा दिल्या की समोरचा जरा सरळ बसतो.

शेवटी मीच विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियम काढून वाचला. सीएआर (म्हणजे त्यांची नियमावली), सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २. शोधून वाचाच, फार लांब नाही. त्यात स्वच्छ लिहिलंय: तिकीट रद्द करा किंवा नुसते विमानाला जाऊ नका, कर आणि यूडीएफसारखी शुल्कं परत द्यायचीच, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी. आणि एजंटकडून काढलेलं असलं तरी जबाबदारी एअरलाइनचीच, कारण एजंट त्यांनीच नेमलेला. त्यासाठी त्या वेळच्या नियमात ३० कामकाजाचे दिवस होते. पैशांऐवजी क्रेडिट घ्यायचं की नाही, तेही प्रवासी ठरवणार.

हे सगळं लिहून ८ नोव्हेंबरला एअरसेवावर तक्रार टाकली. ही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची सेवा, अ‍ॅपही आहे. चार दिवसांनी एअरलाइनचं उत्तर: एजंटशी संपर्क साधा. तक्रार बंद! ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. मी फराळाचं ताट बाजूला ठेवून दुसरी तक्रार टाकली, या वेळी नियमातलं वाक्य जसंच्या तसं चिकटवून, सोबत भाड्याच्या फोडीचा स्क्रीनशॉट. ही फोड रद्द करायच्या आधीच काढून ठेवा बरं का, नंतर पोर्टलवर नुसता शून्य उरतो, माझ्याकडे ई-मेल होता म्हणून वाचले.

सासूबाई तोवर आमच्याकडे येऊन पोचल्या होत्या. प्रवास सुखाचा झाला. फक्त बॅग १७ किलो भरली, १५ च्या वर दोन किलोचे पैसे काउंटरवर भरले, कारण संत्रा बर्फीचे पाच डबे. हो, आणि वेब चेक-इनमध्ये खिडकीच्या सीटचे पैसे मागतात तिथे घाबरू नका, 'स्किप' शोधा, बारीक अक्षरात असतं.

माझी फोनाफोनी ऐकून त्या म्हणायच्या, "राहू दे ना बाप्पा, कशाला एवढं डोकं लावते." मग दहा मिनिटांनी हळूच, "काय म्हणाले?"

२९ नोव्हेंबरला बँकेचा मेसेज आला, ६८६ जमा. नवऱ्याला तो मेसेज मी तीनदा दाखवला. पाठोपाठ एअरलाइनचा मेल. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. सुरुवात होती, 'डिअर वसुधा'.

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "आता बरी ओळखतात."